बिनदाराची गाडी

"दारं कुठायत?"

व्हिडिओ कॉलवर आप्पांचा पहिला प्रश्न. मी त्यांना लॅपटॉपवरचे फोटो दाखवत होतो.

"दारं नसतात याला."

"काच?"

"काचही नाही. हेल्मेट घालायचं."

"आन् टप?"

मी गप्प. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाने मग हिशेबाला हात घातला. "मग लई स्वस्तात देत असतील, न्हवं?"

इथेच घोडं अडत होतं. गाडीतून एकेक वस्तू काढत जावं तशी तिची किंमत वाढत जाते, हे आप्पांना पटवणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते पुरतं पटलं नव्हतं.

मी इंग्लंडात वॉरिकशायरमध्ये राहतो. नोकरी गाड्यांच्याच धंद्यातली, पण दिवसभर स्क्रीनसमोर. पाना हातात धरून कित्येक वर्षं झाली होती. शेवटचा धरला तो इंजिनीअरिंगला असताना, बाहा एसएईइंडियाच्या गाडीसाठी. ही स्पर्धा 2007 साली सुरू झाली, इंदूरजवळ पीथमपूरला. पोरांनी एका माणसाची बग्गी स्वतः आखायची, बांधायची आणि खड्ड्यांतून पळवायची. रोल केजचा, म्हणजे चालकाभोवतीच्या सांगाड्याचा, पाइप बाहेरून 25 मिमी, जाडी 3 मिमी, हे आकडे मला अजून झोपेतही आठवतात. आप्पांच्या शॉपमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाइपांना नॉच मारून आर्गॉन वेल्डिंग केलं होतं. चार तासांच्या शर्यतीत आमची गाडी पन्नास मिनिटं टिकली. मग पुढच्या चाकाला धरणारा ए-आर्म वाकला आणि आम्ही कडेला बसून इतरांची धूळ खाल्ली. ती पन्नास मिनिटं मात्र डोक्यातून गेली नाहीत. खाली रस्ता दिसतोय, शेजारी चाक वर-खाली होताना दिसतंय, आणि आपल्या नि त्याच्यामध्ये एक पाइप.

2019 च्या सुरुवातीला बायकोला सांगितलं की मला तसली गाडी घ्यायची आहे, रस्त्यावर चालवता येईल अशी. ती पुण्याची, वाद न घालता अटी घालते. सगळं मिळून नऊ हजार पौंडांच्या वर जायचं नाही. गॅरेजमधला डीप फ्रीझर हलणार नाही. आणि तिसरी अट नव्हती, प्रश्न होता: "आपण तिघं आहोत. सीटा दोन. राहतंय कोण?"

या देशात असल्या गाडीचा विषय निघाला की पहिलं नाव सेव्हनचं येतं. कॉलिन चॅपमनच्या लोटसने ती 1957 मध्ये काढली, आणि 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तेव्हापासून ती सेव्हन त्याच घरात आहे, रूपही जवळपास तेच. त्या काळी तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून लोक किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच, घ्यायचे. त्यात मेख अशी होती की किटबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत. त्यावर लोटसने गाडी कशी खोलायची याच्या सूचना दिल्या, लोकांनी त्या उलट्या वाचल्या, असं इथले जुने लोक सांगतात. आप्पांना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी तो उद्यमनगरात सगळीकडे पोचवला. 1973 मध्येच व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली, पण किट बांधायची खोड राहिली.

मी सेव्हन चालवून पाहिली. 270 हे मॉडेल, 540 किलो, 135 अश्वशक्ती. आमच्या घरच्या हॅचबॅकच्या निम्म्याहूनही कमी वजन. स्टिअरिंग हलवायचं म्हणून हलवावं लागत नाही, मनात आणलं की पुढची चाकं वळलेली दिसतात, कारण ती समोर उघडीच असतात. पण पाय! माझा पाय दहा नंबरचा आणि पंजा रुंद, चपलांत वाढलेला. त्या अरुंद जागेत मी ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरही थोडा दाबला जायचा. ज्याने गाडी दाखवली त्याने शांतपणे पातळ तळाचे बूट आणून दिले; हा प्रश्न त्याला रोजचा असावा. रुंद चासीची सेव्हनही मिळते, पण नवा किट घ्यायचा तर माझ्या बजेटच्या दुपटीहून वर जात होता, आणि जुन्या सेव्हनचे भाव पडतच नाहीत. मंडईत हापूसचे पडत नाहीत तसे.

मग अ‍ॅटम. एरियल अ‍ॅटम सॉमरसेटमधल्या क्रूकर्न गावात बनते, पण तिचा जन्म आमच्या शेजारचा. कॉव्हेंट्री विद्यापीठात 1996 साली निकी स्मार्ट नावाच्या विद्यार्थ्याने हलक्या स्पोर्ट्स कारचं डिझाइन केलं, तिथे शिकवणाऱ्या सायमन सॉन्डर्स यांनी ते पुढे नेऊन कंपनी उभी केली. सांगाडा बाहेर, माणूस आत. खेकड्याचंच गणित. इंजिन होंडाचं, आणि एक गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस बांधतो. ऑफिसातल्या एकाच्या मित्राकडे होती, त्याने शेजारी बसवून पंधरा मिनिटं फिरवलं. आत जायचं म्हणजे पाइपावर पाय ठेवून चढायचं. ताशी 60 मैलांना वारा हेल्मेट धरून मागे ओढतो. उतरलो तेव्हा हात थरथरत होते आणि तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. नवी अ‍ॅटम तेव्हा चाळीस हजार पौंडांच्या आसपास होती. घरी येऊन तो आकडा मी बायकोला सांगितलासुद्धा नाही.

मे महिन्याच्या पहिल्या लाँग वीकेंडला स्टोनलीला किट गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. आमच्या घरापासून वीस मिनिटं. तिथे गेलो आणि माझा प्रश्नच बदलला. तोवर मी कोणती गाडी आवडते ते बघत होतो. तिथे भेटलेले, पन्नाशी-साठी ओलांडलेले, हाताला डाग असलेले लोक गाडीविषयी बोलतच नव्हते. ते बोलत होते आयव्हीएविषयी.

घरी बांधलेली गाडी इथे रस्त्यावर आणायची तर तिला सरकारी तपासणी केंद्रात ही परीक्षा द्यावी लागते. प्रकाश, ब्रेक, आरसे, सीटबेल्टचे जोड, धूर, आवाज, स्पीडोमीटरचा खरेपणा, सगळं बघतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं का तेही बघतात. हलक्या गाड्या तिथेच गटांगळी खातात. आणि कडा! बाहेरून माणसाला लागू शकेल अशी कोणतीही कड 2.5 मिमीच्या गोलाईपेक्षा धारदार चालत नाही. उघड्या गाडीला तर सगळंच बाहेर. एकाने मला त्याच्या गाडीवरच्या नटांवर चढवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या दाखवल्या. मोजल्या नाहीत, पण सत्यनारायणाच्या पूजेला सुपाऱ्या मांडाव्यात तशा रांगाच रांगा होत्या. "परीक्षा झाली की काढतोस का?" विचारलं तर तो आभाळाकडे बघायला लागला.

तिथेच मला एक्झोसेट दिसली. नॉटिंगहॅमशायरच्या स्टुअर्ट मिल्स यांचं डिझाइन. फ्रेंच भाषेत एक्झोसेट म्हणजे उडणारा मासा. त्या नावाचं क्षेपणास्त्र आहे ते वेगळं. तिची कल्पना मला एखाद्या चांगल्या जिगसारखी, म्हणजे काम नेमकं धरणाऱ्या साच्यासारखी, वाटली. माझ्दा एमएक्स-5 ही छोटी उघडी गाडी घ्यायची. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल एका लांब तुळईने एकमेकांना जोडलेले असतात, पुढची-मागची सबफ्रेम सस्पेन्शनसकट त्यांनाच लागलेली. बोल्ट काढून वरची बॉडी उचलली की खाली चाकांवर उभं असं अख्खं यंत्र शिल्लक राहतं. त्यावर पाइपांचा नवा सांगाडा उतरवायचा. टनाच्या आसपासची गाडी साडेसहाशे-सातशे किलोंवर येते. एमएक्स-5 चं उत्पादन 2016 मध्येच दहा लाखांच्या पुढे गेलं, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. आणि पायाला जागा होती. मी बूट न काढता बसलो.

एवढं ठरल्यावर सरळ नवा किट मागवायला हवा होता. पण मी कोल्हापूरचा, जुना बाजार बघितल्याशिवाय नवीन घेणं म्हणजे पाप. इथे अर्धवट सोडलेल्या किटांचा एक वेगळाच बाजार असतो. लोक उत्साहाने घेतात, दोन हिवाळे काम करतात, मग गुडघे, मुलं, घटस्फोट यांपैकी काहीतरी आडवं येतं.

पहिला सौदा सेव्हनच्या धर्तीवर घरीच बांधलेल्या गाडीचा होता. एक्झोसेट ठरवूनही बघायला गेलो, कारण मागत होता फक्त 1,800 पौंड आणि इंजिन बसवलेलं होतं. दोन तास गाडी हाणत गेलो. म्हातारा मालक अतिशय सज्जन, गेल्या गेल्या चहा. लांबून चासी सुरेख. जवळ गेलो तर सस्पेन्शनच्या ब्रॅकेटपाशी वेल्ड गुळगुळीत. मी फोन काढून आप्पांना लावला. आमचे सकाळचे अकरा, म्हणजे त्यांचे दुपारचे साडेतीन, वामकुक्षी नुकतीच आटोपलेली.

"जरा जवळ धर. आजून. ह्यो घासलाय कशाला?"

"दिसायला चांगला दिसावा म्हणून असेल."

"दिसायला बाकीचा न्हाई घासला त्यो? जिथं भार येतोय तिथंच का घासला?"

ते खरंच होतं. बाकी सगळीकडे वेल्डची बीड होती तशी सोडलेली, वेडीवाकडी का असेना. ग्राइंडर फिरला होता तो नेमका चार ब्रॅकेटांवर. वेल्ड आत किती शिरलंय हे वरून घासल्यावर कळायला मार्ग नाही.

त्याहून मोठी गोम कागदांत निघाली. पाइपांच्या, भागांच्या पावत्या नव्हत्या. इंजिन ज्या गाडीतून काढलं तिचं लॉगबुक, म्हणजे सरकारी नोंदणीचा कागद, हरवलेलं. अशी गाडी आयव्हीए पास झाली तरी तिला क्यू नंबर मिळतो. क्यू म्हणजे हिचं वय सांगता येत नाही असा सरकारी शिक्का. आपल्याकडे मास्तरांनी निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून लावली, तसंच. क्यूची गाडीही मजेत पळते, तिला कोणी अस्पृश्य मानत नाही. पण विकायला गेलात की गिऱ्हाईक नाक मुरडतं. याउलट, मान्य किटवाल्याची नवी चासी, तिची पावती आणि एकाच डोनर गाडीचे (जिचे भाग काढून वापरायचे तिचे) किमान दोन मोठे भाग कागदांसकट दाखवता आले, तर डोनरच्या वयाचा नंबर मिळतो.

चहा संपवून मी उठलो. म्हाताऱ्याने दराला दोनशे कमी केले, मग अजून शंभर. त्याला नाही म्हणणं जड गेलं. परतताना रस्ताभर स्वतःला शिव्या देत होतो: चार तास गाडी चालवली, आणि पाहिजे ते आधी फोनवर विचारता आलं असतं. तेव्हापासून फोटोआधी पावती मागायला लागलो. निम्मे विकणारे तिथेच गळतात.

जुलैत लिंकनशायरमधल्या एका शेतावरच्या कोठारात एक्झोसेटचा न उघडलेला किट सापडला. मालकाने 2014 मध्ये घेतला, पुढच्या वर्षी त्याला जुळी झाली. विषय संपला. काळी पावडर कोटिंग केलेली फ्रेम कबुतरांच्या शिटीने पांढरी झाली होती, ब्रॅकेटांच्या खोक्याची टेप जशीच्या तशी. पण प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मूळ पावती होती, आणि तिच्यावरचा चासी नंबर फ्रेमवरच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळत होता. मी आधी तो पाहिला आणि मगच गाडीकडे वळलो. जोड एकही घासलेला नव्हता. आप्पांनी फोनवरून कर्ण मापायला लावले. एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, मग दुसरीकडून. दोन मिमीचा फरक आला. "त्यो टेपचा हाय," त्यांनी निकाल दिला. जिथे कोटिंग खरवडलं होतं तिथे तांबेरा होता, पण नखाने निघेल एवढाच. मागच्या चाकावरचं एक फायबरचं पंख, म्हणजे मडगार्ड, मधोमध तडकलेलं.

मागणी 2,400 ची. मी 2,000 म्हणालो. त्याने तडकलेल्या पंखाकडे बघितलंही नाही, पोरांपैकी एक कुठे गेलं ते बघत होता. 2,150 ला तुटलं. दोघांनी मिळून फ्रेम उचलली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय विकत घेतलंय. एवढं धूड आणि लग्नातल्या जेवणाच्या टेबलासारखं अलगद उठलं. भाड्याच्या व्हॅनमधून तिचं नाक हातभर बाहेर राहिलं, त्याला बायकोची लाल ओढणी बांधून आणली. ओढणीची परवानगी घेतली नव्हती.

आता डोनर. ही खरेदी सगळ्या जन्माच्या सवयी उलट्या करून करायची असते. एमएक्स-5 चं दुखणं म्हणजे गंज: दाराखालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी. चांगला माणूस गंज बघून पळतो. मला बॉडीच फेकायची होती, म्हणजे मला हवी होती जास्तीत जास्त सडलेली बॉडी आणि कमीत कमी दमलेलं इंजिन. इथे कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की तिच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, कशात नापास झाली, तेव्हा किती मैल झाले होते, सगळं. लोक तो वाचतात खोट शोधायला, मी वाचत होतो स्थळाच्या पत्रिकेत मंगळ शोधावा तसा. पट्ट्या गंजून नापास, मागच्या वर्षीही तोच शेरा, इंजिनाबद्दल अवाक्षर नाही: जमलं.

1.6 लिटर इंजिनाची नको, 1.8 चीच घ्यायची असं ठरवलं होतं. सुरुवातीच्या 1.6 चा डिफरन्शियल लहान आणि नाजूक. पुढे ताकद वाढवायचा मोह होणार हे मी स्वतःला ओळखून होतो. पहिली बघितली तिचं लॉगबुक भलत्याच नावावर. इथलं लॉगबुक म्हणजे आपलं आरसी बुक नव्हे. त्याच्यावर छापलेलंच असतं की हा मालकीचा पुरावा नाही, फक्त गाडी कोण सांभाळतं त्याची नोंद. आधीच पोळलेला, मी बॉनेटही न उघडता निघालो. दुसरीचा दुसरा गिअर थंडीत करकरला. तो गरम झाल्यावर निवळतो, म्हणून विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवतो. मी पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवायचो.

तिसरी 1999 ची, हिरवी, एका नर्सची. डावी पट्टी बोटाने दाबली तर बोट आत गेलं. मी इतका खूश झालो की ती बिचारी गोंधळली. थंड इंजिन एका किल्लीत सुरू झालं, टॅपेटची थोडी टिकटिक, ती मिनिटभरात थांबली. कॉम्प्रेशन गेज लावलं, चारही सिलिंडर एका रांगेत. मागच्या सबफ्रेमला हातोडीने वाजवत फिरलो, घंटेसारखा आवाज. चासीवरचा नंबर लॉगबुकाशी जुळवला, तिच्याकडून मालकीसकट हाताने लिहिलेली सही केलेली पावती घेतली. 650 पौंड. तिने विचारलं, दुरुस्त करणार का? मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, गिअरचा नॉब मी ठेवून घेतला तर चालेल का? तो लाकडी, गोल, घासून गुळगुळीत झालेला होता. मी तिथल्या तिथे काढून दिला. घरी येताना गाडी ट्रेलरवर होती.

त्या रात्री आप्पांनी एक गंभीर प्रश्न टाकला. बांधून झाल्यावर कोल्हापुरात आणता येईल का? मी सांगितलं, रस्त्यावर नाही. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की उत्पादकाच्या मूळ रचनेहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. इथे तर अख्खी बॉडीच बदलायची. "मंग आमच्या हिकडची पोरं काय करत्यात?" आप्पा म्हणाले आणि मग स्वतःच हसले, कारण उद्यमनगरातली पोरं काय करतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

गॅरेजमध्ये फ्रेम भिंतीला टेकवून उभी, मधोमध हिरवी एमएक्स-5, कोपऱ्यात डीप फ्रीझर. पोराने फ्रेमचं नाव खेकडा ठेवलं आणि सीटच्या जागेवर कुशन टाकून ताबा घेतला, त्यामुळे कोण राहतंय या प्रश्नाचं उत्तर मिळालं: मी. ऑगस्टभर संध्याकाळी एकेक भाग उतरवला. फ्रेमला जे लागणार नाही ते विकायला काढलं. टप, सीटा, मागची काच, गालिचे, डॅशबोर्ड. हिशेब लिहिलेली वही बायकोच्या ताब्यात होती आणि तिला पहिल्यांदाच त्या वहीत जमेच्या बाजूला काही दिसत होतं.

आप्पांचा फोन आला तेव्हा मी नुकताच बाहेरून येत होतो.

"काय इकलं आज?"

"पहिल्यांदा दारं गेली. दोन्ही. एकशेचाळीस पौंड आले. रंग चांगला होता ना."

पलीकडे शांतता. मग लेथवाल्याचा तो वरच्या पट्टीतला आवाज.

"म्हंजे दारं हुती की! तूच इकलीस!"